गर्भाशयमुखाचा कॅन्सर: रिपोर्टमधली दुसरी ओळ

१९५१ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, तीस वर्षांची एक बाई अंगावरून रक्त जातंय म्हणून आली. हेन्रिएटा लॅक्स तिचं नाव. पाच मुलांची आई, धाकटं तर जेमतेम काही महिन्यांचं. तपासणीत गर्भाशयाच्या मुखावर गाठ सापडली. तुकडा काढून तपासला गेला, रेडियमचे उपचार झाले. त्या काळी याहून वेगळं काही हाताशी नव्हतंच. ऑक्टोबरात ती गेली. निदानापासून आठ महिने.

त्याच तुकड्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहिल्या आणि 'हेला' या नावाने जगभर पोचल्या, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. एक बारीक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. तिच्या कॅन्सरचा प्रकार रिपोर्टवर चुकीचा लिहिला गेला होता. जवळपास वीस वर्षांनी जुन्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली आल्या, तेव्हा लक्षात आलं की हा नेहमीचा स्क्वेमस कॅन्सर नव्हता. ग्रंथींच्या पेशींतून उगवणारा ॲडेनोकार्सिनोमा होता. १९५१ साली या चुकीने उपचारांत काही फरक पडला नसता. आज पडू शकतो, आणि म्हणून हा लेख.

तुकड्याचा रिपोर्ट हातात आला की पहिली ओळ सगळेच वाचतात: गर्भाशयमुखाचा कॅन्सर. घरच्यांना ती पुरेशी असते, पायाखालची जमीन सरकायला. दुसऱ्या ओळीत प्रकार लिहिलेला असतो, लांबलचक आणि उच्चारायला अवघड. ती ओळ बहुतेक वेळा वाचलीच जात नाही.

फरशी आणि ग्रंथी

गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचं तोंड. त्याच्या बाहेरच्या बाजूला चपट्या पेशींचे थर असतात, फरशीवर फरशी रचल्यासारखे. आतल्या बोळात उभ्या, चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथींच्या पेशी. दोन्ही जिथे भेटतात त्या सीमारेषेवर बहुतेक गडबड सुरू होते. चपट्या पेशींचा तो स्क्वेमस. दर दहा रुग्णांपैकी सात-आठ जणींना हाच असतो. ग्रंथींचा तो ॲडेनोकार्सिनोमा. आणि या दोन्हींच्या पलीकडे काही विरळा प्रकार आहेत. त्यांपैकी दोघांबद्दल इथे बोलायचं आहे, कारण ते भराभर पसरतात आणि नेहमीच्या उपचारांना नीट जुमानत नाहीत. एकाचं नाव स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा, म्हणजे मज्जातंतू आणि हार्मोन करणाऱ्या पेशी या दोन्हींचे गुण असलेल्या बारीक पेशींचा कॅन्सर. दुसरा गॅस्ट्रिक प्रकारचा ॲडेनोकार्सिनोमा. गॅस्ट्रिक म्हणजे जठराचा. तो शब्द इथे कसा आला ते पुढे येईलच.

नेहमीचा स्क्वेमस प्रकार हा तसा सावकाशीचा. हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याचा संसर्ग झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत दहा-वीस वर्षं जातात, आणि मधल्या काळात पेशींतला बदल चाचणीत पकडता येतो. हे किती खरं आहे याचा जगाला मिळालेला एक भक्कम पुरावा आपल्या मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना घेऊन एक मोठा प्रयोग झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय त्यात होतं. आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची चाचणी करून, गरज पडेल तिथे उपचार केले, तर आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या तपासणी-धोरणांत त्यांचा हवाला दिला गेला.

भारतात २०२२ साली सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा आजार झाला आणि जवळपास ८० हजार दगावल्या असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. तेव्हा पहिली लढाई अर्थातच तपासणीची आणि लशीची. विरळ्या प्रकारांबद्दल लिहिताना हे आधी सांगणं मला भाग वाटतं, नाहीतर "तपासणीत सगळे प्रकार कुठे सापडतात?" असं म्हणत कुणी तपासणीच टाळायची.

सिग्नल आणि गँगमन

आता जनुकांकडे. प्रत्येक पेशीत विभाजनाची यंत्रणा असते आणि तिच्यावर पहारे असतात. दोन पहारे इथे महत्त्वाचे. एक आरबी नावाचं प्रथिन: रेल्वेच्या सिग्नलसारखं. पुढे जायची वेळ येत नाही तोवर ते लाल राहतं, पेशी थांबून राहते. दुसरं पी५३: रुळांवरून चालत जाणारा गँगमन. डीएनएमध्ये तडा दिसला की तो लाल झेंडी दाखवतो. दुरुस्ती होत असेल तर करवून घेतो, होत नसेल तर पेशीला मरायला लावतो.

एचपीव्हीच्या धोकादायक जाती, मुख्यतः १६ आणि १८, दोन प्रथिनं तयार करतात. ई७ हे आरबीला धरून सिग्नल कायमचा हिरवा करतं. ई६ हे पी५३ ला पकडून पेशीच्या कचराकुंडीत पाठवतं. गँगमन आजारी नाही, आंधळा नाही. कामावर रुजू झाला की लगेच पळवला जातो, इतकंच. त्याची नेमणूक करणारं जनुक, टीपी५३, शाबूत असतं. हेला पेशींत आजही हेच चित्र दिसतं: टीपी५३ धडधाकट, आणि पी५३ प्रथिन जवळजवळ नाहीच.

हा मुद्दा नीट धरून ठेवा. पहारा उठवायचे दोन मार्ग आहेत: जनुक मोडून, किंवा जनुकाला हात न लावता त्याचं काम बंद पाडून. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गाठी सारख्या दिसू शकतात. आतून त्या वेगळ्या असतात.

हेलाची आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणणं बरं नव्हे खरं तर. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या जर्मनीतल्या गटाने १९८४ मध्ये एचपीव्ही-१८ शोधला, आणि तो हेला पेशींतही निघाला. त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं ते विषाणू आणि कॅन्सरचं हे नातं दाखवल्याबद्दल. हा विषाणू एरवी पेशीत आपलं छोटं डीएनएचं कडं घेऊन स्वतंत्र राहतो. कधीकधी ते कडं तुटतं आणि माणसाच्या गुणसूत्रात घुसून बसतं. घुसताना त्याचा स्वतःचा लगाम, ई२ नावाचा, बहुधा निकामी होतो आणि ई६-ई७ मोकाट सुटतात. कुठे घुसणार याला नेम नाही. हेन्रिएटाच्या बाबतीत तो आठव्या गुणसूत्रावर, मिक नावाच्या जनुकाच्या शेजारी जाऊन बसला. मिक म्हणजे पेशीच्या वाढीचं ॲक्सिलरेटर. शेजारी बसलेल्या विषाणूमुळे ते दाबलेलंच राहिलं. २०१३ साली हेलाचा जनुकसंच बारकाईने वाचला गेला तेव्हा ही जागा नेमकी उलगडली. तिचा आजार इतका झपाट्याने का वाढला असेल, याचं किमान एक संभाव्य कारण तरी बासष्ट वर्षांनी मिळालं.

फुप्फुसाचा जुळा भाऊ

स्मॉल सेल प्रकार खरं तर फुप्फुसातला म्हणून प्रसिद्ध. बारीक, काळपट केंद्रकांच्या पेशींची दाटी, भराभर विभाजन, आणि लवकर रक्तात उतरण्याची खोड. गर्भाशयमुखात तो अगदी क्वचित होतो, शंभरात एखादीला. दिसायला हुबेहूब तसाच. पॅथॉलॉजिस्ट खात्री करायला सायनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी५६, आयएनएसएम१ अशी प्रथिनं दाखवणारे खास रंग वापरतात.

फुप्फुसातल्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये टीपी५३ आणि आरबी१ ही दोन्ही जनुकं जवळजवळ नेहमीच मोडलेली असतात, बहुधा सिगारेटच्या धुराने. गर्भाशयमुखातल्या जुळ्यात ती पुष्कळदा शाबूत असतात. कारण मोडायची गरजच पडत नाही. ते काम विषाणू करतो, आणि तोही बहुतेक वेळा तो १८ क्रमांकाचाच. दोघं एकाच घरात शिरले, पण एकाने कुलूप फोडलं आणि दुसऱ्याने वॉचमनला बाजूला नेलं.

मग बाकी जनुकांत काय सापडतं? पीआयके३सीए, केरास, टीपी५३, पीटेन, कधी मिकच्या जादा प्रती. पण प्रत्येक बदल थोड्याथोड्या जणींमध्येच. सर्वांना लागू पडेल अशी एक किल्ली नाही. यामुळे उपचारांची पहिली फळी अजूनही फुप्फुसाकडून उसनी घेतलेली आहे: सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड ही केमोची जोडी, सोबत शेक म्हणजे रेडिएशन, गाठ लहान असेल तर शस्त्रक्रियाही. नेहमीच्या स्क्वेमस कॅन्सरमध्ये शेकासोबत सहसा एकटं सिस्प्लॅटिन देतात. म्हणजे बघा, दुसरी ओळ चुकली तर औषधं बदलतात.

जगण्याचे आकडे कडू आहेत. अमेरिकेच्या कर्करोग नोंदवहीतून २००८ साली एक तुलना प्रसिद्ध झाली. स्मॉल सेल प्रकाराच्या २९० स्त्रिया, आणि समोर स्क्वेमसच्या २७ हजारांहून जास्त. पाच वर्षांनी स्क्वेमसच्या सुमारे ६० टक्के हयात होत्या, स्मॉल सेलच्या सुमारे ३६ टक्के. पण हा आकडा वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे त्यात सगळ्या स्टेज एकत्र आहेत. लहान गाठ असतानाच सापडलेल्या बाईचा आकडा याहून बराच चांगला असतो. दुसरं, या जुन्या नोंदी आहेत, कित्येक जणींना आज देतात तशी केमो मिळालेली नसणार. आणि ३६ टक्के म्हणजे तुमच्या आईला ३६ टक्के आयुष्य, असं नसतं. शंभर वेगवेगळ्या बायकांमधल्या छत्तीस, एवढाच त्याचा अर्थ. कुणाच्याही कुंडलीत तो आकडा लिहून ठेवलेला नाही.

या आजारात जनुकं वाचून काही साधलं का? थोडं. २०१४ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत छापली. स्मॉल सेल कॅन्सर पुन्हा उलटलेला, केमो हरलेली. गाठीत केरास या, पेशीला वाढीचा निरोप देणाऱ्या जनुकातला बदल सापडला. केरासचा निरोप पुढे पोचवणारी साखळी अडवणारं ट्रामेटिनिब हे औषध दिलं आणि त्याला चांगला प्रतिसाद मिळाला. एकीची गोष्ट आहे ही, नियम नव्हे. पण गाठीतली जनुकं वाचली नसती तर हे औषध सुचलंच नसतं.

उलट अनुभवही त्याच केंद्रातला. पेंब्रोलिझुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं, औषध गर्भाशयमुखाच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये केमोच्या जोडीने आयुष्य वाढवतं, हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. स्वाभाविकच ते इथेही, एकट्यानेच, देऊन पाहिलं. पुन्हा उलटलेल्या स्मॉल सेल आजाराच्या सात जणी, बहुतेक गर्भाशयमुखाच्या. एकीचीही गाठ आकसली नाही. २०२० साली हे प्रसिद्ध झालं. निराश करणारा निकाल आहे, पण मला तो फार मोलाचा वाटतो, कारण "इम्युनोथेरपी देऊन तर बघू" या वाक्यावर आपल्याकडे शेतं विकली जातात. सात ही संख्या छोटी, मान्य. तरी पैसे भरण्याआधी डॉक्टरांना विचारण्याइतकी नक्कीच मोठी.

जठरासारखी गाठ, आणि विषाणूचा पत्ता नाही

दुसरा प्रकार आणखी फसवा. १९९० च्या दशकापासून जपानी पॅथॉलॉजिस्टांनी त्याच्याकडे लक्ष वेधलं. गर्भाशयमुखातल्या काही ॲडेनोकार्सिनोमांच्या पेशी जठराच्या शेवटच्या भागातल्या ग्रंथींसारख्या दिसतात, तसाच श्लेष्मा करतात. म्हणून गॅस्ट्रिक प्रकार. जठराचा कॅन्सर पसरून इथे आलेला नसतो. गाठ इथलीच, फक्त वागणूक तिथली. जपानमध्ये गर्भाशयमुखाच्या ॲडेनोकार्सिनोमांत याचा वाटा पाचवा-चौथा हिस्सा भरतो, बाकी जगात बराच कमी.

यात एचपीव्ही नसतो. म्हणजे धाराशिवच्या प्रयोगात ज्या चाचणीने मृत्यू निम्मे केले, ती इथे निगेटिव्ह येते. पॅपची, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडून पाहायची, तपासणीही पुष्कळदा चुकते, कारण पेशी वरवर अगदी सभ्य दिसतात आणि गाठ बोळाच्या आत, खोल वाढते. लक्षण कोणतं, तर अंगावरून पाण्यासारखं जाणं, भरपूर आणि थांबता थांबत नाही असं. "पांढरं जातंय, अशक्तपणा असेल" म्हणून महिनोनमहिने टॉनिकवर काढणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना कॅन्सर नसतो, हे आधी सांगतो. पण पाण्यासारखा स्राव औषधांनी हटत नसेल तर आतून नीट तपासणी आणि गरज वाटल्यास एमआरआय, एवढं मागायला हरकत नाही, एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह असली तरी.

विषाणू नाही, तर मग पहारा कोण उठवतं? इथे जनुकं खरोखरच मोडलेली असतात. टीपी५३ मध्ये बिघाड: गँगमन कामावर येतो, पण त्याला तडे दिसतच नाहीत. सीडीकेएन२ए, केरास, आणि एसटीके११ या जनुकांतही बिघाड सापडतो. २०२० पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात गर्भाशयमुखाचे स्क्वेमस आणि ॲडेनो कॅन्सर 'एचपीव्हीशी संबंधित' आणि 'एचपीव्हीशिवायचे' अशा दोन खात्यांत मांडले जातात. वरवर कारकुनी वाटणारा हा बदल मुळात फार मोठा आहे. गाठीला तिच्या दिसण्यावरून नव्हे, तिच्या जन्मावरून नाव द्यायची ही सुरुवात.

आणि जन्माचा परिणाम आयुष्यावर दिसतो. २०१५ च्या एका अभ्यासात, नेहमीच्या एचपीव्हीवाल्या ॲडेनोकार्सिनोमाच्या ९१ टक्के बायका पाच वर्षांनंतर या आजारापासून बचावलेल्या होत्या. गॅस्ट्रिक प्रकारात ४२ टक्के. यातला काही फरक उशिरा निदान झाल्यामुळे आहे. हा प्रकार सापडतो तेव्हा पुष्कळदा अंडाशयात, पोटाच्या पडद्यावर पोचलेला असतो. पण शेक आणि केमो यांनाही तो कमी दाद देतो.

एसटीके११ बद्दल थोडं जास्त सांगायला हवं. हे जनुक पेशीचा इंधनकाटा सांभाळतं. शक्ती कमी पडली की वाढ थांबव, असा हुकूम देतं. ते मोडलं की टाकी रिकामी असतानाही पेशी पळत राहते. काही घराण्यांत हा बिघाड जन्मतःच असतो. त्याला पॉइट्झ-येगर्स सिंड्रोम म्हणतात. ओठांवर, तोंडात आतून काळसर ठिपके, आतड्यात पॉलिप म्हणजे कोंबासारख्या वाढी, आणि अनेक अवयवांच्या कॅन्सरचा वाढीव धोका. त्यांतला एक नेमका हा गॅस्ट्रिक प्रकार. लहानपणापासून ओठांवर असे ठिपके आणि घरात आतड्याचे पॉलिप असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावं.

घराण्यात काही नसतानाही, फक्त गाठीपुरतं हे जनुक मोडू शकतं. २००९ साली अमेरिकेतल्या एका गटाला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या किमान पाचव्या हिश्शात एसटीके११ बिघडलेलं आढळलं. ज्यांच्यात ते निकामी होतं त्या स्त्रियांचा मध्यम जीवनकाळ १३ महिने भरला; शाबूत असलेल्यांचा १०० महिन्यांच्या वर. मध्यम म्हणजे निम्म्या त्याआधी गेल्या, निम्म्या त्यानंतरही जगल्या. अभ्यास छोटा होता, तेव्हा १३ आणि १०० हे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. दिशा मात्र स्पष्ट दिसते. आणि हेला? तिच्यातही एसटीके११ गायब आहे. एचपीव्ही-१८, मिकशेजारची जागा, वर इंधनकाटाही तुटलेला. १९५१ च्या डॉक्टरांना यातलं काहीच दिसणं शक्य नव्हतं.

गॅस्ट्रिक प्रकारात थोड्या जणींच्या गाठीत एचईआर२ हे प्रथिन जास्त असतं. स्तनाच्या कॅन्सरमुळे ते नाव आता अनेक घरांना ओळखीचं आहे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकन हे औषध, एचईआर२ भरपूर असलेल्या आणि आधीच्या उपचारांनंतर पसरलेल्या कोणत्याही अवयवाच्या गाठीसाठी मंजूर केलं. त्याआधीच्या चाचणीत गर्भाशयमुखाच्या ४० रुग्णांपैकी निम्म्या जणींच्या गाठी आकसल्या होत्या. औषध महाग आहे, फार महाग. पण एचईआर२ ची साधी रंगचाचणी त्या मानाने स्वस्त असते, आणि ती केल्याशिवाय पुढचं काहीच ठरत नाही.

लस, आणि पिशवीतला ब्लॉक

लशीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली. ती एचपीव्हीच्या ६, ११, १६ आणि १८ या जातींविरुद्ध आहे. "आक्रमक प्रकार लशीने टळत नाहीत" असं सरसकट म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. गॅस्ट्रिक प्रकार टळणार नाही, कारण तिथे विषाणूच नाही. स्मॉल सेलमध्ये मात्र मुख्य गुन्हेगार १८ आणि १६, आणि हे दोघंही लशीत आहेत. हा प्रकार भराभर वाढत असल्याने तपासणी तिथे कमी पडते, आणि नेमक्या त्याच प्रकारात लस उपयोगी पडायला हवी. मुलीला लस द्यावी की नाही याचा काथ्याकूट करणाऱ्या घरांत हे सांगून बघा.

आणि ज्यांच्या हातात रिपोर्ट आधीच आला आहे त्यांच्यासाठी. परळला टाटाच्या आवारात नातेवाईक प्लॅस्टिकच्या पिशवीत मेणाचे चौकोनी ठोकळे आणि काचपट्ट्या घेऊन फिरताना दिसतात. तो ठोकळा म्हणजे ब्लॉक; त्यात काढलेला तुकडा जपून ठेवलेला असतो. गावाकडच्या लॅबकडून तो मागून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तो हरवू देऊ नका. नवी सुई न टोचता त्यातूनच पुन्हा काप काढून प्रकार तपासता येतो. दुसऱ्या ओळीत न्यूरोएंडोक्राइन, स्मॉल सेल, गॅस्ट्रिक, म्यूसिनस (म्हणजे श्लेष्मा करणारा) असे शब्द असतील, किंवा प्रकार नक्की नाही असं लिहिलं असेल, तर उपचार सुरू व्हायच्या आत दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या. त्यात आठवडा गेला तर चालतो, महिना जाऊ देऊ नका. पी१६ (एचपीव्हीची खूण दाखवणारा रंग), पी५३ आणि न्यूरोएंडोक्राइनचे रंग झाले का, हे विचारा. जनुकांची मोठी पॅनेल चाचणी मात्र पहिल्याच दिवशी लागत नाही. पहिले उपचार तिच्यावाचून ठरतात. आजार पसरलेला असेल किंवा उलटला असेल, तेव्हा तिचा खर्च सार्थकी लागण्याची शक्यता जास्त. तेव्हाही आधी एकच प्रश्न विचारायचा: यात काही सापडलं तर त्यावरचं औषध आपल्याला मिळण्यासारखं आहे का? उत्तर "बघू" असं आलं, तर पैसे भरायच्या आधी पुन्हा एकदा विचारा.